हवालदारमामांची थंड पेटी

“आमच्या पोरांच्या घशाला कोरड, अन् ह्यो बाबा मातीला पानी पाजतोय.”

टँकरच्या रांगेतून हे वाक्य आलं तेव्हा मी गाडीच्या खिडकीआड वही लिहीत होते. बोलणारी गिरजाबाई. खडी फोडणाऱ्या बायकांत तिचं तोंड सगळ्यांत धारदार. तिच्या मागच्या दोघीतिघी हसल्या, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. ज्यांच्यावर हे बोलणं होतं ते हवालदारमामा कोरड्या विहिरीजवळ उकिडवे बसले होते. जमिनीत ठोकलेल्या एका लोखंडी सळईच्या बुडाशी ते तांब्याने पाणी सोडत होते; थोडं थोडं, रोपाला घालावं तसं. तिथे रोप नव्हतं. गवताची काडीसुद्धा नव्हती.

त्यांनी ऐकलं होतं, कारण त्यांचा हात क्षणभर थांबला. पण तांब्या रिकामा होईपर्यंत ते उठले नाहीत.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता तो. पाथर्डीच्या पुढे एका पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं आणि त्या कामावर नगरच्या एका संस्थेचा फिरता दवाखाना मुक्कामाला होता. मी तिथे वही लिहायला होते. गाडी परदेशातून देणगी म्हणून आलेली, त्यामुळे तिचा रोजचा अहवाल इंग्रजीत पाठवावा लागे. माझं शिक्षण इंग्रजीत झालेलं. एवढ्याच कारणाने मला घेतलं होतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटे, मग भाषा कुठलीही असो. बायकांनी दोन दिवसांत माझं नाव ठेवलं, गपबाई.

आमची गाडी म्हणजे चाकांवरचं घर होतं. तिकडची माणसं म्हणे सुटीत अशा गाडीतून हिंडतात, तिच्यातच रांधतात आणि झोपतात. आमच्याकडे आल्यावर तिच्यातल्या पलंगाचं तपासणीचं टेबल झालं, शेगडीवर सुया उकळू लागल्या, आणि ओट्याखालच्या फ्रिजमध्ये धनुर्वाताची इंजेक्शनं आली. खडी फोडणाऱ्याला रोज कुठे ना कुठे लागतं आणि जखमेत माती जाते. दवाखान्यातल्या बाकीच्या औषधांवाचून माणूस चार दिवस काढू शकला असता, त्या लहान बाटल्यांवाचून नाही. आणि त्या बाटल्या गार राहिल्या तरच औषध, नाहीतर नुसतं पाणी. कामावरची माणसं फ्रिजला ‘थंड पेटी’ म्हणत. पेटी सांभाळायचं काम हवालदारमामांचं.

लुकस पाटोळे हे त्यांचं नाव. राहणारे भिंगारचे. लष्करात गाड्यांच्या वायरिंगचं काम करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्या गाडीचे ड्रायव्हर तेच, मिस्त्री तेच. उंच, वाळके, कानामागे कायम टेस्टर, पायात रबरी तळाचे जड बूट. एवढ्या उन्हात बूट कशाला, असं दवाखान्याच्या नर्सनी, म्हणजे आमच्या सिस्टरनी, विचारलं तर म्हणत, “वीज पाय बघून येती, सिस्टर. अनवानी मानूस तिला लई आवडतं.” लष्कराच्या गोष्टी ते कधी सांगत नसत. जेवताना डोळे मिटून तोंडातल्या तोंडात प्रार्थना, मग भाकरी, कांदा आणि एकही शब्द नाही. बाकीच्या वेळी मात्र ते पेटीशीसुद्धा बोलत. मला ते ‘मिस’ म्हणत. शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतात तसं.

पहिल्या दिवशी मी पेटीचं दार उघडलं, आत दिवा लागला, आणि मी वहीत ‘चालू’ असं लिहिलं. मामांनी लिहू दिलं, मग म्हणाले, “मिस, त्यो दिवा बॅटरीवर लागतो. पेटी मेली तरी त्यो हसतच ऱ्हानार. दिव्याला इचारू नका.” त्यांनी पेटीमागच्या जाळीवर हात ठेवून दाखवला. “हितं हात लावा. ज्याची पाठ तापती, त्याचं पोट गार ऱ्हातं.”

ही पेटी उष्णतेवर गारवा तयार करणारी होती. तिच्या पाठीशी एक तार तापे, आणि ती तापली तरच आत थंडी होई. हे मला पुस्तकात वाचूनही पटलं नसतं. जाळीवर हात ठेवल्यावर पटलं. आत एक गोल तापमापक होता. त्याचा काटा पाच अंशांच्या आसपास असायला हवा. रोज एकदा तो बघून वहीत आकडा लिहायचा, हे माझं काम.

पाठ तापवायच्या तऱ्हा तीन. एक गॅसवर, पण तिकडच्या गॅसची तोटी इकडच्या बाटलीला बसेना. दुसरी, गाडी चालू असताना तिच्या डायनामोवर. तिसरी, गाडी उभी असताना बाहेरच्या विजेवर. आमची गाडी महिनाभर उभीच असणार, म्हणून मामांनी जवळच्या एका आटलेल्या विहिरीच्या मोटारघरातून वायर आणली होती.

बिघाड झाला की मामा कधी पान्हा घेऊन धावले नाहीत. आधी खाली बसत. पहिला प्रश्न यंत्राला नाही, माणसांना. “शेवटचा हात कोनाचा लागला?” त्यात राग नसे. सिस्टर पहिल्यांदा चिडल्या होत्या, “म्हणजे मी बिघडवलं का?” मामा म्हणाले, “तसं न्हाई. वाट उलटी चालायची, तर शेवटचं पाऊल कुठं पडलं ते नको कळायला?” मग वायर बोटांतून सरकवत ते पेटीपासून मोटारघरापर्यंत चालत जात. प्रत्येक जोडापाशी थांबत. जिथे जोड गरम लागे तिथे बिघाड.

एकदा वायर चांगली, जोड चांगले, तरी पाठ गार. मोटारघरात जाऊन बघतात तर तिथल्या विजेच्या खोक्यातले तिन्ही फ्यूज गायब. विहिरीचा मालक परगावी निघाला की फ्यूज काढून खिशात घाली, म्हणजे विहिरीत पाणी असो वा नसो, त्याच्यामागे कुणी मोटार लावू नये. त्या भागात सगळेच असं करत. हा मालक त्या दिवशी शेवगावकडे भाचीच्या लग्नाला गेला होता. मामांनी कामावरच्या मुकादमाची सायकल घेतली आणि गेले. दुपार कलल्यावर परत आले ते रुमालात तीन फ्यूज बांधून, आणि डोक्याच्या केसांत अक्षता.

“एवढा वेळ?” सिस्टर म्हणाल्या.

“नवरीचा मामा त्यो. नवरीच्या मागं उभा. मंगलाष्टकं चालू. उभ्या मांडवात मानसाच्या खिशात हात कसा घालायचा? मी बी हुबा ऱ्हायलो. दोन्हीकडच्या लोकांनी मला आपलाच समजून अक्षता दिल्या, टाकल्या.” मग अक्षता झाडत म्हणाले, “पोरगी बारीक हाय. जेवन न्हवतं, गूळपानी दिलं.”

त्यांचा आवाज एरवी खालीच असे. वर चढलेला मी एकदाच ऐकला. सिस्टरनी ताकाचा डबा पेटीत ठेवला होता, एका कोपऱ्यात, फडक्याने झाकून. मामांनी तो बाहेर काढला, झाकण उघडलं आणि सगळ्यांसमोर उभ्याउभ्या सगळं ताक पिऊन टाकलं. मग रिकामा डबा सिस्टरच्या हातात देत ओरडले, “ही पेटी घरची न्हाई! दार उघडलं की एक मानूस मरतं आसं समजा!” सिस्टर दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मलाही तेव्हा ते बोलणं फार वाटलं.

पेटी सपाटीवर असावी लागे. तिरकी झाली तर गारवा थांबे. त्यासाठी मामा पेटीच्या ओट्यावर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवत, आणि पाणी ज्या कडेने सांडू बघे त्या बाजूच्या चाकाखाली पाचर ठोकत. काम झालं की वाटीतलं पाणी पिऊन टाकत. फेकलेलं मी कधी पाहिलं नाही.

आता ते सळईचं. मोटारीला येणाऱ्या तीन तारांत आम्हाला हवी तशी परतीची तार नव्हती. म्हणून मामांनी एक तार मोटारघरातून घेतली आणि परतीचं काम जमिनीवर सोपवलं. सळई खोल ठोकली, तिला वायर जोडली. खेड्यापाड्यांत हे सर्रास चालतं, वीज खात्याला आवडत नाही. पण जमीन ओली असेल तरच ती वीज घेते. त्या वर्षी चार हात खोलसुद्धा ओल नव्हती. सळईभोवती पाणी घातलं की पाठ तापे, सुकलं की कोमट होई. त्यामुळे दिवसाला एक घागर पाणी जमिनीला द्यावं लागे. टँकरच्या रांगेत बायका पहाटेपासून उभ्या राहत त्याच पाण्यातली एक घागर.

ती घागर मामांना सुखाने मिळत नसे. रांगेतल्या काही बायका आपलं भांडं त्यांच्या घागरीला टेकू देत नसत. “घागर खाली ठिवा, आमी वरून वततो,” असं म्हणत. मामा घागर खाली ठेवून चार पावलं मागे सरत आणि दुसरीकडे बघत. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पाणी सांडू नये म्हणून ही काही रीत असेल. सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, “कुठल्या शाळेत गेलीस गं तू?”

गिरजाबाई बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी एक रुंद सपाट दगड ओढून आणला. सळईपासून दहा पावलं लांब टाकला. दगडापासून सळईपर्यंत उताराचा चर खणला आणि सळईभोवती बाभळीच्या काट्या रोवल्या, म्हणजे कुणाचा पाय जवळ जाणार नाही. मग रांगेपाशी जाऊन उभे राहिले. “गिरजाबाई, तुमी बोलला ते खरं हाय. मातीला आधी न्हाई पाजायचं. आधी पोरं न्हाऊ घाला, मग उरलंसुरलं मातीला. दवाखान्याची घागर, तुमची पोरं.”

“आन् साबन कोन देनार? तुमचा येसू?”

“येसू न्हाई. सिस्टर.”

या वेळी रांग खरोखर हसली. कामावरच्या पोरांच्या अंगावर धुळीने आणि घामाने फोड आले होते, सिस्टरना ते हवंच होतं. त्या दगडावर रोज आठदहा पोरं न्हाऊ लागली आणि मळकं पाणी चरातून सळईकडे जाऊ लागलं. एखादं पोर भोकाड पसरून रडू लागलं की मामा गाडीमागून ओरडत, “रडू द्या, रडू द्या! होल्टेज वाढतंय!” मी जाळीवर हात ठेवून बघे. पाठ चांगली तापलेली असे. ते पंधरा दिवस वहीतले सगळे आकडे खरे आहेत.

मग टँकरच्या खेपा कमी झाल्या. प्यायलाच पुरेना, तिथे पोरांना कोण न्हाऊ घालणार? दगड कोरडा पडला. मामांनी सुया उकळलेलं पाणी, हात धुतलेलं पाणी साठवायला सुरुवात केली, आणि ते कमी पडलं की अर्धा तास गाडीचं इंजिन चालू ठेवून पेटी डायनामोवर चालवू लागले. अशातच डायनामो जळाला. त्याचं वाइंडिंग नव्याने करून घेतल्याशिवाय इलाज नव्हता, आणि ते काम नगरलाच होणार. तार गुंडाळून रोगण वाळेपर्यंत तीन दिवस.

जाण्याआधी त्यांनी झाकलेली घागर मला दाखवली. “मिस, बारा वाजता अर्धी, चार वाजता अर्धी. चराच्या ह्या टोकाला उभं ऱ्हाऊन वता, काट्यांच्या आत पाय न्हाई टाकायचा. टँकर आला की सिस्टर परत भरून घेतील. पाठीला हात लावा. पाठ तापली न्हाई तर लगेच सिस्टरला सांगा. कामावरच्या जीपमधून पेटीतला माल पाथर्डीच्या दवाखान्यात जाईल. काई अवघड न्हाई.”

मी मान हलवली. ते माझ्याकडे बघत होते. बायका काही बोलल्या तर काय, हा माझा प्रश्न माझ्या तोंडावर उमटला असावा.

“कुनी बोललं तर बोलू द्या. तुमाला बोलावं लागत न्हाई. नुसतं वतायचं हाय.”

पहिल्या दिवशी टँकर आला नाही. बारा वाजता मी घागर उचलून चराच्या टोकाशी गेले. मोटारघराच्या भिंतीच्या वीतभर सावलीत बायका रिकामी भांडी घेऊन बसल्या होत्या. गिरजाबाईही होती. कुणी काही बोललं नाही. कुणी बोललं असतं तर कदाचित मी ओतलं असतं. कडेवर पोर असलेली एक बाई उठली आणि तिने तांब्या पुढे केला. मी तांब्यात पाणी ओतलं. मग दुसरी उठली. घागर रिकामी झाली तेव्हा मी तशीच परत फिरले. ती घागर कोणाची, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, सिस्टरनी घागर भरून ठेवली, आणि पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. दर दिवशी मी जाळीवर हात ठेवला. दर दिवशी दार उघडलं, दिवा लागला, काटा पाहिला. आणि दर दिवशी वहीत दुसराच आकडा लिहिला. पाच. पाच. सहा. खरा आकडा लिहिला असता तर कुणीतरी कारण विचारलं असतं, आणि मला बोलावं लागलं असतं. एवढंच. याहून मोठं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं, मिळालं नाही.

त्या तीन दिवसांत सिस्टरनी सतरा जणांना त्या पेटीतलं इंजेक्शन टोचलं. दिवा लागत होता, वही बरोबर होती. सतरा नावं मीच लिहिली. त्यात सुभद्रा होती, माझ्याच वयाची. हातोडा बसून अंगठा चेचला होता. सुई टोचत असताना ती माझ्या वहीत डोकावत होती.

“बाई, हे माझं नाव व्हय?”

मी मान हलवली.

“इंग्रजीत लई वाकडं दिसतंय,” असं म्हणून ती हसली.

चौथ्या दिवशी सकाळी मामा आले. खांद्यावर पोत्यात बांधलेला डायनामो. पाणीसुद्धा न पिता ते आधी पेटीपाशी बसले आणि पाठीवर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच होता. मग दार उघडून काट्याकडे पाहिलं. मग वही मागितली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते.

शेवटचा हात कोणाचा लागला, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “मिस, हे आकडे तुमी काटा बघून लिवले?”

“हो.”

“बरं.”

त्यांनी पेटीला सुतळी गुंडाळून गाठ मारली आणि सिस्टरना सांगितलं, यातलं काही वापरायचं नाही. डॉक्टर आठवड्यातून दोनदा नगरहून येत. ते आले तेव्हा मामा त्यांच्यापुढे उभे राहिले. “माल गेला, डॉक्टरसाहेब. नवा आना आन् सतरा जनांना परत टोचा.” डॉक्टरांनी वही चाळली. “पाटोळे, इथे तर सगळं ठीक आहे.” नवा माल मागवायचा तर जुना का वाया गेला ते लेखी द्यावं लागे, आणि लेखी जे होतं ते माझ्या अक्षरात होतं. “मी वर कळवतो,” असं म्हणून ते गेले. मामांनी त्यानंतर दोनदा विचारलं. वरून उत्तर यायचं होतं.

माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागले. फक्त काही शिकवायचं थांबले. एकदा गाडीच्या पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसले. “तुमची आई हाय न्हवं नगरला?” मी हो म्हटलं. ते थोडा वेळ हाताच्या नखांतलं काळं काढत बसले आणि उठून गेले.

आठवडा झाला असेल. सुभद्राच्या नवऱ्याने तिला पाठीवर घेऊन आणलं. तिचं तोंड उघडत नव्हतं. नगरला न्यायचं ठरलं. धनुर्वाताच्या माणसाला उजेड, आवाज, धक्का काहीच सहन होत नाही. जरा खट् झालं की अंग धनुष्यासारखं ताणतं. मामांनी खिडक्यांना घोंगड्या बांधल्या. तो रस्ता मला माहीत होता, त्यावर हाडं खिळखिळी होत. त्या दिवशी मामांनी गाडी अशी नेली की टेबलावरची कात्रीसुद्धा वाजली नाही. समोर बैलगाड्या आल्या, शेळ्यांचा कळप आला. पण त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. थांबत, खाली उतरत, हाताने जनावरं बाजूला करत, परत चढत. नगरला पोचायला संध्याकाळ झाली. तरीही वाटेत तिला चार झटके आले. चौथ्यानंतर मामांच्या पाठीवरचा शर्ट पूर्ण ओला झालेला मी मागून पाहिला.

सुभद्रा तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, माल चांगला असता तरी ती वाचलीच असती असं सांगता येत नाही. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं जपून ठेवलं आहे. त्याचा उपयोग झालेला नाही.

मग संस्थेच्या साहेबांनी आम्हा दोघांना नगरच्या कचेरीत बोलावलं. त्या दिवसानंतर मी मामांना पाहिलं नाही. भिंगार काही लांब नव्हतं, पण मी कधी गेले नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं चित्र आहे ते त्या खोलीतलं. साहेबांनी मला खुर्ची दिली होती. मामा उभे होते. धुतलेला खाकी शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, कानामागे टेस्टर नाही. त्यामुळे ते म्हातारे दिसत होते.

टेबलावर माझी वही उघडी होती. “पाटोळे, तिन्ही दिवसांचे आकडे इथे आहेत. पाच, पाच, सहा. तुम्ही म्हणता पेटी तापली होती. तुम्ही त्या तीन दिवसांत नगरला होता ना?”

“व्हय साहेब.”

“मग तुम्हाला कोणी सांगितलं?”

“पेटीनं.”

साहेब किंचित हसले. “हे बघा, बाईचं वाईट झालं. पण आपल्या कागदांत दोष नाही. तुम्ही उगाच जुनं उकरताय. का वही खोटी आहे असं म्हणायचंय तुम्हाला?”

आता ते माझ्याकडे बघतील म्हणून मी मान खाली घातली. ते बघत नाहीत असं कळल्यावर वर केली. ते भिंतीकडे बघत ताठ उभे होते, लष्करात उभे राहतात तसे.

“वही खोटी न्हाई, साहेब. काटा खोटा हाय. पाचसहाच्या फुडं जात न्हाई, अडकतो. दोन महिनं झालं. मला ठावं हुतं, मी कळवलं न्हाई. आन् नगरला निघताना सळईची तार माज्याच हातानं सुटली. मिसनी काट्यावर दिसलं ते लिवलं.”

एवढ्या दिवसांत त्यांनी स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय बिघाड सांगितलेला मी ऐकला नव्हता.

“म्हणजे चूक तुमची.”

“व्हय. तसं लिवा. पन आज लिवा, साहेब. सोळा मानसं ऱ्हायलीत. रोज माती उपसत्यात, खडी फोडत्यात. सगळ्यांच्या अंगावर जखमा हायत. नावं हितं वहीत हायत. त्यांना टोचा.”

“एक जीव गेलाय, पाटोळे. हे कागदावर गेलं की नोकरी तर जाईलच, पोलीसही विचारायला येतील. कळतंय ना?”

“कळतंय.”

साहेबांनी कोरा कागद ओढला, पेनचं टोपण काढलं. तारीख घातली. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, इंग्रजीत, त्यांनी मला पाटोळे या नावाचं स्पेलिंग विचारलं. मला येत होतं. मी तोंड उघडलं. पण मामांना समजेल अशा भाषेतच आवाज बाहेर आला, आणि तो माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा होता.

“काटा अडकत नाही, साहेब. तारही सुटली नव्हती. जमिनीत ओतायचं पाणी मी वाटून टाकलं आणि आकडे खोटे लिहिले. नऊ होता. मग एकोणीस. मग एकतीस.”